मेश्राम काकूंची चौथी ओळ

गाझियाबादला घोषबाबू ध्यानाचा वर्ग चालवतात. तिथे मैत्रीभावना, म्हणजे मनातल्या मनात सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवण्याची एक पद्धत आहे, जी मला तरी दुसरीकडे कुठेच सापडली नाही. डोळे मिटायचे, एकामागून एक तीन ओळी म्हणायच्या आणि मग गप्प राहायचं. चांगला बराच वेळ. मग घंटी वाजते आणि लोक डोळे उघडतात. नव्या माणसाने विचारलंच तर घोषबाबू आवाज खाली आणून सांगतात, "देखिए, इस मौन में ही तो सब कुछ है." मला हसू येतं, कारण ते मौन कुठे जन्मलं ते मला ठाऊक आहे. ते नोएडाच्या आमच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारामागे जन्मलं. ते मेश्राम काकूंचं होतं.

नव्वदच्या दशकात आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा सेक्टरला आकडा होता, पण रस्त्यांना दिवे नव्हते. गच्चीवरून एका बाजूला मोहरीची शेतं दिसत आणि दुसऱ्या बाजूला कोणा परदेशी कंपनीचं काचेचं ऑफिस वर चढताना दिसे. दिवसातून चारदा वीज जाई आणि जनरेटरच्या धडधडीत बोलावं लागे, त्यामुळे त्या काळातली आमची सगळी माणसं मला अजून ओरडताना आठवतात. मेश्राम काकू तेवढ्या हळू बोलत. सामान चढवताना मी घामाघूम होऊन ट्रकवाल्याशी हिंदीत भांडत होते आणि मधेच चिडून मराठीत काहीतरी पुटपुटले. समोरचं दार उघडलं. "काऊन गं, पुण्याची का?" मी हो म्हटलं. "वाटलंच. रागातबी व्याकरण सोडत नाही तू." त्या दिवसापासून मी त्यांची पुण्यावाली झाले.

काकू नागपूरच्या, दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळात सिस्टर. नवरा लवकर गेला होता आणि हा फ्लॅट सोडतीत त्याच्याच नावावर निघालेला. चादर घालत तर कोपरे असे घडी करून दाबत की त्यावर बसायला संकोच वाटावा. चहात साखर इतकी की चमचा उभा राहील. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली नाही तर त्याला चांगलं झापत आणि पिशवी घेऊन वळताना स्वतःशीच म्हणत, "झालं बाप्पा, सकाळची मैत्री गेली पाण्यात." लोकांनी त्यांना नंतर संत वगैरे करून टाकलं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

त्यांची एक सवय मात्र पहिल्या आठवड्यातच माझ्या डोळ्यांत भरली. त्या दार दोन्ही हातांनी लावत. एक हात कडीवर, दुसरा फळीवर, आणि अगदी शेवटपर्यंत धरून. मी धाडकन दार लावणारी बाई. एकदा मी माझं दार नेहमीसारखं आपटलं, तर काकू समोर उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू गं," एवढंच म्हणाल्या. नंतर कित्येक दिवस मला वाटत होतं, नर्सची सवय असेल, आजारी माणसांची झोपमोड होऊ नये म्हणून.

खरं कारण खाली अंगणात उभं होतं. खाकी कापडाखाली झाकलेली एक गाडी. उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की ते कापड फुगायचं आणि बसायचं, आत कोणी श्वास घेत असल्यासारखं. सोसायटीतली पोरं चेंडू तिच्याखाली गेला तर काठीने काढत, हात घालत नसत. गाडी पहिल्या मजल्यावरच्या खन्नासाहेबांची, म्हणजे काकूंच्या बरोबर खालच्या घरातल्यांची. आयुष्यभर स्कूटर चालवलेला हा कारकुनी माणूस. पन्नाशीत मुलाच्या नव्या नोकरीच्या जोरावर गाडी घेतली आणि शिकत होता. एके सकाळी पुढच्या फाटकापाशी ब्रेकऐवजी त्याचा पाय दुसरीकडे पडला. फाटकाजवळ काकूंची मुलगी उभी होती, कॉलेजच्या बसला निघालेली. सुजाता. काकूंचं एकुलतं एक लेकरू.

हे आम्ही येण्याच्या आधीचं. मला ते तुकड्यातुकड्यांनी कळलं, बरंचसं आमच्याच सोसायटीतल्या मिसेस घोषांकडून. काकूंनी बाल्कनीतून सगळं पाहिलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा सोसायटीतल्या चार जणांनी सांगितलं की गाडी भरधाव होती. काकूंनी सांगितलं की नव्हती. "पैर गलत पड़ा. मैंने देखा," एवढं एक वाक्य. त्या वाक्याने खन्नासाहेब वाचले. ते रडत वर आले, काकूंच्या दारात हात जोडून उभे राहिले, "आपने माफ़ कर दिया" म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी, अगदी हळू, दार लावून घेतलं.

तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. काकू मागच्या फाटकाने ये-जा करत, बस स्टॉपला त्यामुळे मोठा वळसा पडे. बुद्धपौर्णिमेला मात्र त्या खीर करत आणि अख्ख्या जिन्यात वाटत, खन्नांकडेसुद्धा. तो वाडगा पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं. मिसेस खन्ना वाडगा घासून परत देत, रिकामा कधीच नाही, त्यात साखर घालून. मी ती साखर वर आणून द्यायची. काकू ती डब्यात ओतत, आणि मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे, हे काय चाललंय, ही काय दोन देशांची बोलणी आहेत का!

रविवारी सकाळी काकूंकडे बैठक असे. सुजाताच्या खोलीत. पलंग काढून टाकलेला, सतरंज्या अंथरलेल्या, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. कपाटाच्या दारावर मात्र सुजाताने चिकटवलेली क्रिकेटपटूंची चित्रं तशीच होती. डोळे मिटायच्या आधी शेवटची दिसायची ती. मी गेले ती अर्धशिशीवर काही होतंय का बघायला, आणि खरं सांगायचं तर मराठी बोलायला मिळावं म्हणून. शांती या शब्दाचा मला तेव्हाही राग यायचा. त्या काळात दिल्लीत सगळ्यांनाच अचानक शांती हवी झाली होती. नवी नोकरी, नवा हप्ता, नवा पेजर, आणि रविवारी तासभर शांती. काकूंना कोणी विचारलं, "सिस्टर, शांति कितने दिन में मिलती है?" तर त्या म्हणत, "दूध की थैली है क्या, जो सुबह दरवाज़े पे आएगी?"

सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा सुचवलं की निळ्या कोटातली ती तसबीर आतल्या खोलीत हलवा, मूर्ती राहू द्या, म्हणजे आणखी लोक येतील, 'एकदम मॉडर्न क्लास' होईल. सगळ्यांना कळलं होतं काय बोललं गेलं ते. काकू उठल्या, तसबीर पदराने पुसली आणि म्हणाल्या, "जिन्होंने हमें बैठना सिखाया, उनको खड़ा करके बाहर भेज दूँ? आप बैठिए ना, सेक्रेटरी साहब. जगह बहुत है." सेक्रेटरी बसले. पुढच्या रविवारी आले नाहीत, पण त्यांची बायको येऊ लागली.

शिकवणं असं फार नव्हतं. श्वासाकडे बघा म्हणत. मन पळतं अशी मी तक्रार केली तर, "पळू दे नं त्याले. तू नको त्याच्यामागं पळू." शेवटी मैत्रीभावना. काकू एकेक ओळ हिंदीत म्हणत आणि आम्ही मागून मनात म्हणायचं. पहिली ज्यांनी आपल्याला सांभाळलं त्यांच्यासाठी. दुसरी आपल्या माणसांसाठी. तिसरी ज्याला आपण ओळखतही नाही त्याच्यासाठी, बसच्या कंडक्टरसाठी, रस्त्यावरच्या कोणासाठी. "वह भी सुखी रहे." आणि मग काकू गप्प होत. पंखा फिरत असे, नाहीतर वीज गेलेली असे. खाली वाऱ्याने गाडीचं कापड फडफडे. त्या वेळात मला नेहमी वाटायचं की खोलीत आणखी कोणी तरी येऊन बसलं आहे, कपाटाच्या बाजूला, आणि डोळे उघडले तर दिसेल. मी देव न मानणारी बाई, पण मी डोळे उघडत नसे. मग घंटी व्हायची.

आम्हा सगळ्यांना ते मौन फार आवडे. घोषबाबू तर त्यावर लट्टू होते. निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीची यंत्रणा समजावून सांगायची हौस. तीन ओळी म्हणजे शिडी आणि मौन म्हणजे गच्ची, असं त्यांनी ठरवून टाकलं. याच सुमाराला त्यांनी गाझियाबादला भावाच्या घरी स्वतःचा वर्ग काढला आणि तिथे तीन ओळी आणि मौन जसंच्या तसं नेलं. काकू ऐकून घेत आणि चहा ओतत.

एकदा सोसायटीची सभा झाली. विषय, ती गाडी. जागा अडते, मांजरं वितात, दिसायला वाईट दिसते. आणि मेश्रामजींच्या डोळ्यांसमोर ती रोज असावी हे बरं नाही, हे सगळ्यात मोठ्याने म्हणाले सेक्रेटरी. खन्नासाहेब मागे कोपऱ्यात उभे होते. "बेचूँगा तो कोई और चलाएगा," म्हणाले, "मुझसे बेची नहीं जाती." ठराव होणार इतक्यात काकू उठल्या. "रहने दीजिए. गाड़ी हटाने से क्या हटेगा?" खन्नासाहेबांनी तिथूनच हात जोडले. काकूंनी ते पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग त्या हिवाळ्यात नागपूरहून वत्सलाबाई आल्या. काकूंच्या नणंद, पांढऱ्या लुगड्यातल्या, विहारात आयुष्य गेलेल्या. रविवारी आमच्याबरोबर बसल्या. घंटी झाली, आम्ही डोळे उघडले, आणि त्या भर बैठकीत म्हणाल्या, "वहिनी, चौथी ओळ कुठं गेली?"

कोणाला कळेना. मी हिंदीत सांगितलं की या विचारताहेत, चौथी ओळ कुठे आहे. घोषबाबू सरसावले. "माताजी, यहाँ का यही मेथड है. तीन पंक्तियाँ और मौन." वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की घोषबाबूंची मान आपोआप खाली गेली. "कसला मेथड? चौथा असते आपला वैरी. ज्याचा राग येते तो. त्याच्यासाठीच तर बाकीच्या तीन आहेत."

काकू घंटी हातात धरून बसल्या होत्या. मग सगळ्यांना समजेल अशा हिंदीत म्हणाल्या, "मौन-वौन कुछ नहीं है. वो लाइन मुझसे बोली नहीं जाती. हर इतवार कोशिश करती हूँ. झूठ नहीं बोलना, ये भी तो शील है. तो चुप रह जाती हूँ." आणि चहा टाकायला उठल्या.

मी स्वयंपाकघरात मागे गेले. कप विसळायला घेतले. काकूच बोलल्या. "त्या सकाळी भांडलो होतो आम्ही. जीन्सवरून. नवी जीन्स घेतली होती तिनं मला न विचारता. दार आपटून गेली. मी बाल्कनीत आली अन् हाक मारली तिले, डब्बा राहिला म्हणून. ती थांबली. वर पाह्यलं." चहा उतू गेला, दोघींपैकी कोणीच गॅस बंद केला नाही. "मी हाक नसती मारली तर ती फाटकाच्या पुढं गेली असती. चौथ्या ओळीत दोघं जण बसून आहेत गं. एक तो अन् एक मी. दोघांपैकी कोणाले उठवू?"

मी रडले, त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "कप फुटंल, नीट धर."

घोषबाबूंच्या पोटात काही राहत नसे. पुढच्या रविवारी आम्ही बसलो तोच दारात खन्नासाहेब उभे. कोणी या म्हणालं नाही आणि कोणी जा म्हणालं नाही. ते चपलांच्या जागेजवळच बसले, फरशीवर. काकूंनी सुरुवात केली. आवाज नेहमीचा. तिसरी ओळ झाली. मग ते गप्प राहणं आलं, आणि आता ते कोणासाठी आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एवढं लांब मौन आधी कधी झालं नव्हतं. घंटी झाली तसे खन्नासाहेब उठले, नमस्कार केला आणि गेले.

त्यानंतर ते दर रविवारी येत राहिले. जिन्यात मला एकदा म्हणाले, "भाभीजी, घर में सब कहते हैं भूल जाओ. यहाँ कोई मेरे लिए इतनी देर चुप बैठता है." मी काकूंना ते सांगितलं नाही. काकूंना मी एकदा धीर करून विचारलं, अवघड जातं का ते समोर असताना? म्हणाल्या, "वाटते, आज म्हणीन. मग त्याच्या पायाकडं लक्ष जाते. उजव्या." खन्नासाहेब तो पाय नेहमी खाली दुमडून, झाकून बसत. मला आधी वाटायचं गुडघा दुखत असेल.

अशी किती वर्षं गेली. मोहरीची शेतं संपली, त्यांच्या जागी मॉल आला. पोरं अमेरिकेला गेली. काकू निवृत्त झाल्या, गुडघे गेले, वळसा घालून मागच्या फाटकाने जाणं जमेना, तेव्हा घराबाहेर पडणंच कमी केलं. शेवटी वत्सलाबाईंनी हुकूम सोडला की नागपूरला या, आणि फ्लॅट विकायचं ठरलं.

शेवटच्या रविवारी खोली भरली होती. गाझियाबादचा घोषबाबूंचा सगळा वर्ग आला होता. क्रिकेटपटूंची चित्रं काकूंनी जपून सोडवून घेतली होती, कपाटावर फिकट चौकोन उरले होते. आज ती ओळ येणार, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलं होतं, मीसुद्धा. तिसरी ओळ झाली. आम्ही थांबलो. खन्नासाहेबांचा श्वास मला ऐकू येत होता. घंटी झाली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. जाताना खन्नासाहेब माझ्यापाशी थबकले आणि म्हणाले, "कोई बात नहीं, भाभीजी." एवढा थकलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली, जुनी काळीपिवळी अँबेसेडर. सामान चढलं. काकू जिना उतरल्या, एकेक पायरी, माझ्या खांद्यावर हात ठेवून. टॅक्सीकडे न जाता त्या झाकलेल्या गाडीकडे वळल्या. मला वाटलं तोल गेला. त्यांनी माझा खांदा सोडला आणि ते खाकी कापड एका बाजूने ओढायला लागल्या. कित्येक वर्षांची धूळ उडाली. मी दुसरं टोक धरलं. कापड निघालं तेव्हा आत एक साधी पांढरी गाडी होती, टायर बसलेले, अगदी लहान. मी ती इतकी वर्षं मोठी समजत होते.

काकूंनी कापडाची घडी केली, कोपऱ्याला कोपरा लावून, इस्पितळातल्या चादरीसारखी, आणि बॉनेटवर ठेवली. मग वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत खन्नासाहेब आणि मिसेस खन्ना उभे होते. जनरेटर बंद होता. काकू मराठीत बोलल्या, माहेरच्या बोलीत, जिच्यात बैठकीतली ओळ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "ज्याच्यापायी माही सुजाता गेली, त्याच्या जीवाले आराम पडो. अन् माह्याबी."

खन्नासाहेब कठडा धरून पुढे वाकले. "भाभीजी, क्या कहा? क्या कहा इन्होंने?"

ते मला विचारत होते. काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि सांग असंही म्हणाल्या नाहीत, नको असंही नाही. मग मी वर बघून, त्या अंगणात, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "जिसकी वजह से मेरी सुजाता गई, उसके जी को आराम मिले. और मेरे भी."

खन्नासाहेब दिसेनासे झाले. ते बाल्कनीत खाली बसले होते. कठड्याच्या जाळीतून फक्त मिसेस खन्नांचा हात दिसत होता, त्यांच्या पाठीवर.

काकू टॅक्सीत बसल्या. "पुढच्या फाटकानं घ्या," असं त्यांनी ड्रायव्हरला आधी मराठीत आणि मग हिंदीत सांगितलं. नेहमीसारखा एक हात कडीवर, एक हात दारावर ठेवून त्यांनी दार हळूच ओढलं. ते लागलं नाही. पुन्हा ओढलं. लागेना. ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, "माताजी, पुरानी गाड़ी है. ज़ोर से मारो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि धाडकन आपटलं, इतक्या जोरात की कठड्यावरची कबुतरं उडाली आणि घोषबाबू दचकले. टॅक्सी पुढच्या फाटकातून बाहेर पडली.